शीर्षकगीत, बँडवाले आबा आणि आमचा पाचवीचा वर्ग



इयत्ता पाचवीच्या परिसर अभ्यासात 'संदेशवहन व प्रसारमाध्यमे' हा पाठ आहे. आपण तो कसा घेतो? पत्र, तार, रेडिओ, टीव्ही, मोबाईल अशी चित्रं फळ्यावर लावायची, फायदे-तोटे लिहून द्यायचे, स्वाध्याय सोडवून घ्यायचा. दोन तासिकांत पाठ संपतो. मीसुद्धा कितीतरी वर्षं असाच घेतला. मागच्या वर्षी मात्र हा पाठ आमच्या वर्गात तब्बल तीन आठवडे चालला. त्यात मुलं शिकली, त्यांच्यापेक्षा जास्त मी शिकले. म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्या चुकीने झाली

माझं बालपण शहागडातच गेलं. गोदावरीच्या काठचं आमचं गाव, पुलापलीकडे बीड जिल्हा. गल्लीत एकच टीव्ही होता. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. नदीवरून वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एकजण पत्र्यावर चढायचा, एकजण दारात उभा राहून ओरडायचा, "आलं... आलं... गेलं!" १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. त्याचं शीर्षकगीत सुरू झालं की हातातला चहा-बटर तसाच टाकून आम्ही पळायचो. नंतर 'शक्तिमान' आलं, मग 'आभाळमाया' आलं. या सगळ्यांच्या सुरुवातीच्या धून आजही माझ्या कानात जशाच्या तशा आहेत.

तर मला वाटलं, पाठाची सुरुवात या धूनांनी करावी. दहा जुन्या शीर्षकधून मोबाईलवर घेतल्या, छोटा स्पीकर जोडला आणि वर्गात 'ओळखा पाहू' हा खेळ घेतला. रामायण, महाभारत, मालगुडी डेज, जंगल बुक, गोट्या, आभाळमाया, वादळवाट... एकेक वाजवत गेले. वर्गात शांतता. चौथ्या धूनेला एका मुलीने हात वर केला. मी आनंदाने म्हटलं, "सांग!" ती म्हणाली, "मॅडम, हे कोणत्या रीलचं आहे?"

मला हसू आलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. मी बोलून गेले, "तुम्हाला काहीच कसं माहीत नाही रे!" मुलांचे चेहरे पडले. घरी गेल्यावर लक्षात आलं की चूक माझी होती. ही मुलं २०१३-१४ साली जन्मलेली. त्यांच्या जन्माआधी संपलेल्या मालिका त्यांना माहीत असायचं कारणच काय? मी त्यांची परीक्षा घेत नव्हते, माझ्या आठवणींचं प्रदर्शन मांडत होते.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, "आज तुम्ही माझी परीक्षा घ्या." वर्गात उत्साहाची लाट आली. छोटा भीम, मोटू-पतलू, मोबाईलच्या गेमची धून, कसल्या कसल्या जाहिराती. कुणी तोंडाने वाजवलं, कुणी शिट्टीवर. दहापैकी मला तीन आल्या. "मॅडम नापास!" म्हणून वर्ग डोक्यावर घेतला. त्या क्षणापासून हा पाठ आमच्या दोघांचा झाला.

मागच्या बाकावरचा ठेका

याच गडबडीत एक गोष्ट मला दिसली. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, आपण त्याला सोन्या म्हणू. वाचनात मागे, बोलणं जवळजवळ नाहीच. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर तोही त्यांच्याबरोबर जायचा आणि पट्टा पडल्यावर परत यायचा. म्हणजे वर्षातला अर्धा काळ शाळा नाहीच.

पहिल्या दिवशी मी महाभारताची धून लावली होती तेव्हा हा मुलगा बाकावर बोटांनी ठेका धरत होता. अगदी बरोबर! मी त्याला विचारलं, "तू ही धून कुठे ऐकलीस?" तो गप्प. शेजारचा मुलगा पटकन बोलला, "मॅडम, त्याचा आजा बँडात पीपी वाजवतो!" वर्ग हसला. सोन्याने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

नंतर मी वर्गाचा माहिती तक्ता काढून पाहिला. 'कुटुंबाचा व्यवसाय' या रकान्यात 'शेतमजुरी' लिहिलेलं होतं. बँडचा कुठे उल्लेख नव्हता.

मित्रांनो, इथे मी थांबून विचार केला. मी टीव्हीच्या धून मोबाईलमध्ये शोधत बसले होते, आणि त्याच धून चाळीस वर्षं गावोगाव वाजवणारा माणूस माझ्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होता.

घरी विचारायचे सहा प्रश्न

पुढचं पाऊल म्हणून मुलांना एक छोटी प्रश्नावली दिली. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहायची. प्रश्न अगदी साधे ठेवले.

१. तुम्ही लहान असताना टीव्ही कुणाच्या घरी होता?
२. तुम्हाला कोणत्या मालिकेची धून अजून आठवते? गुणगुणून दाखवा.
३. ती धून ऐकली की तुम्ही काय करायचात?
४. लाइट गेली तर काय व्हायचं?
५. तुमच्या लग्नात कोणतं वाद्य वाजलं होतं? सनई, बँड, बँजो की डीजे?
६. तेव्हाचं कोणतं गाणं तुम्हाला आवडायचं?

उत्तरं वाचताना मजा आली. एका मुलाच्या आजीने सांगितलं की रामायण लागायच्या आधी सगळे आंघोळ करून बसायचे, टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. एकाचे काका शक्तिमानसारखे गोल गोल फिरून हौदाच्या कडेला आपटले, त्याची खूण अजून कपाळावर आहे. एका आईने लिहून दिलं की आमच्या गावात केबल नव्हती, म्हणून सुट्टीत मामाकडे जालन्याला गेलो की 'आभाळमाया' बघायचो, आणि परत आल्यावर वर्षभर नुसतं गाणं गुणगुणायचो.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात होती. धून म्हणजे घंटा. तेव्हा सगळ्यांच्या घरी टीव्ही नव्हता, हातात मोबाईल नव्हता. धून ऐकू आली की चुलीपुढची बाई उठायची, अंगणातली पोरं पळायची. म्हणजे ती धून चार घरं पलीकडे ऐकू जायला हवी, दोन-तीन सुरांत ओळखू यायला हवी आणि रोज तीच असायला हवी. आपल्या शाळेच्या घंटेचंही हेच आहे ना? मुलांनी हा मुद्दा स्वतः काढला: "मॅडम, आता पुढे ढकलायचं बटण असतं, म्हणून कुणी गाणं ऐकतच नाही." संदेशवहनाच्या पाठाचं सार एका वाक्यात आलं!

शिक्षकांसाठी थोडी माहिती

वर्गात सांगायला उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र देते.

आकाशवाणीची धून : पहाटे रेडिओ सुरू झाल्यावर वाजणारी ती शांत धून १९३६ सालची आहे. रचना वॉल्टर कॉफमन यांची. हे चेकोस्लोव्हाकियातले ज्यू संगीतकार. युरोपात नाझींचा जोर वाढत असताना १९३४ मध्ये ते मुंबईला आले आणि आकाशवाणीत काम करू लागले. धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. परदेशातून आसऱ्याला आलेल्या माणसाने आपल्या देशाची पहाट सुरांत बांधली, हे ऐकून मुलं थक्क होतात.

दूरदर्शन : भारतात दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आलं. फिरत फिरत जुळणाऱ्या त्या चिन्हाबरोबरची धून पंडित रविशंकर यांनी सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीने केली.

'एक अनेक और एकता' हा छोटा कार्टूनपट (१९७४) : एकीचं बळ सांगणारा, चिमण्या आणि पारध्याच्या जाळ्याचा. आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाई यांचं आणि गाणारी लहान मुलगी म्हणजे साधना सरगम. तिन्ही नावं मराठी घरांतली! हा कार्टूनपट आजही वर्गात दाखवा, पहिलीपासून सातवीपर्यंत चालतो.

मालगुडी डेज : आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, एल. वैद्यनाथन यांचं संगीत. सुरुवातीची चित्रं नारायण यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. या धूनेत सांगण्यासारखे शब्दच नाहीत, तरी सगळ्या देशाला ती पाठ झाली.

रामायण आणि महाभारत : रामायण २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, संगीत रवींद्र जैन. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, संगीत राजकमल आणि शीर्षकगीताचा आवाज महेंद्र कपूर यांचा.

जंगल बुक : मूळ कथा इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांची, कार्टून मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झालेली आणि हिंदीतलं शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. एका मोगलीसाठी तीन देश एकत्र आले. नकाशावर दाखवायला फार छान उदाहरण आहे.

अशोक पत्की : हे नाव मुलांना जरूर सांगा. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेलं, अनेक भाषांतून गायलेलं राष्ट्रीय एकात्मतेचं प्रसिद्ध गीत आठवतं ना? पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात सुरू होणारं. त्याच्या चालीमागे पत्की आहेत. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावर निघालेल्या 'गोट्या' मालिकेचं शीर्षकगीत त्यांचंच. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली तेव्हाच्या 'आभाळमाया'चं आणि नंतरच्या 'वादळवाट'चंही त्यांचंच. या दोन्ही गीतांचे शब्द मंगेश कुलकर्णी यांचे. महाराष्ट्रातल्या घराघरांत रोज संध्याकाळी ज्यांचे सूर वाजले, त्यांचं नाव किती जणांना माहीत असतं? पडद्यावर पाट्या सरकतात, आपण वाचत नाही.

आबा शाळेत आले

सोन्याच्या आजोबांना बोलवायचं ठरवलं. गाव त्यांना 'आबा मास्तर' म्हणतं. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्याला मास्तरच म्हणतात. मी घरी गेले तेव्हा त्यांना वाटलं, नातवाने काहीतरी केलं. मी म्हटलं, "आबा, तक्रार घेऊन नाही आले. तुम्ही वर्गात येऊन वाजवून दाखवाल का?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाळंत? मॅडम, म्या तर तिसरीत शाळा सोडली. मला काय येतंय?"

दोन दिवसांनी धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी आणि फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरोनेट घेऊन आले. मुलांनी आधीच प्रश्न काढून ठेवले होते. ती मुलाखत मी जशी आठवते तशी देते.

"आबा, तुम्ही कुठे शिकलात?"

"माझ्या चुलत्याकडं. लिवता येत न्हाई बाळांनो, पर एकदा कानात गेलेलं इसरत न्हाई."

"टीव्हीची गाणी कशी शिकलात? तुमच्या घरी टीव्ही होता?"

"टीवी कुठला! आयतवारी सकाळी रामायण लागायचं तवा आमी दुसऱ्याच्या खिडकीबाहेर हुभं ऱ्हायचो. धून ऐकायची, वाटंनं गुणगुणत जायची, आन् दुपारच्या लग्नात वाजवायची. परण्या मारुतीच्या देवळाकडं निघाला की रामायण नाहीतर महाभारत. वरातीला पिच्चरची गाणी."

बघा, केवढी मोठी गोष्ट आहे ही! लिहिलेलं काही नाही, रेकॉर्ड करायला टेप नाही. आठवड्यातून एकदा खिडकीबाहेरून ऐकायचं आणि त्याच दिवशी शेकडो माणसांपुढे वाजवायचं. आपण 'श्रवण कौशल्य' म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

मग त्यांनी क्लॅरोनेटची रीड ओठांनी ओली केली आणि महाभारताची धून वाजवली. आमच्या खोलीत तो आवाज मावेना. बाजूचे दोन वर्ग दारात गोळा झाले. त्यानंतर मुलांनी छोटा भीमची धून तोंडाने म्हणून दाखवली, आबांनी दोनदा ऐकली आणि तिसऱ्या वेळेला वाजवली! मुलांनी जो कल्ला केला तो विचारू नका.

पुढे बोलता बोलता बँडचं सगळं जग उलगडलं. लग्नाची 'सुपारी' म्हणजे खायची सुपारी नव्हे, तर काम ठरणं. 'इसार' म्हणजे आगाऊ पैसे. लगीनसराईत एका दिवसात दोन-दोन लग्नं, सायकलला वाद्य बांधून जायचं. मग बँजो पार्ट्या आल्या, नंतर डीजे आला. "आता सुपारी येत न्हाई मॅडम. पोरास्नी छातीत धडधडलं पायजे, कानाला गोड लागून काय करायचं?" हे ते हसत म्हणाले.

एक प्रश्न मी ठरवला नव्हता

एका मुलीने यादीत नसलेला प्रश्न विचारला. "आबा, लग्नात तुम्हाला जेवायला काय असायचं?" तिला बुंदी, जिलेबी असं उत्तर अपेक्षित असावं.

आबा म्हणाले, "असायचं की समदं. पर वाढायचे शेवटी. समद्या पंगती उठल्या की मग आमी. काही ठिकाणी तर मांडवाबाहेर बसवायचे."

"का?"

आबा थोडं थांबले. "त्ये तुमच्या मॅडमला इचारा."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. काय सांगणार होते मी? ज्यांच्या वाजवण्यावर गाव नाचतं, त्यांना पंगतीत बसवताना गावाला अडचण होते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतः अशा लग्नांत जेवून उठले आहे आणि बाहेर बसलेल्या माणसांकडे बघितलेलंही नाही. मी मुलांना एवढंच म्हटलं की पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडा. संविधानाची उद्देशिका आपण रोज परिपाठात म्हणतो. त्यातला समानतेचा शब्द शोधायला सांगितला. "आबांच्या बाबतीत जे झालं ते या शब्दात बसतं का?" मुलं म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "म्हणजे ते चूक होतं. मोठ्या माणसांनी केलं तरी चूकच."

दुपारी पोषण आहाराची सुट्टी झाली. त्याच मुलीने आबांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः खिचडी वाढली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सोन्या आजोबांच्या शेजारी बसला होता. त्या दिवशी त्याने मान खाली घातलेली नव्हती.

विषयवार उपक्रम

ज्या शिक्षकांना हा उपक्रम घ्यायचा आहे त्यांच्यासाठी आम्ही काय काय केलं ते देते.

मराठी : मुलाखत घेणे, प्रश्न तयार करणे, आठवणी लिहिणे. 'सुपारी', 'इसार', 'परण्या', 'मास्तर' अशा शब्दांचा छोटा शब्दकोश वर्गाने केला. आमच्या वर्गाची स्वतःची चार ओळींची 'शीर्षकधून' मुलांनी रचली. ती आता रोज शाळा भरताना म्हणतो.

गणित : रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू होऊन ३१ जुलै १९८८ ला संपलं. किती वर्षं, महिने, दिवस? (१ वर्ष, ६ महिने, ६ दिवस.) दोन्ही दिवस रविवारच होते. मग पहिला आणि शेवटचा धरून मधे किती रविवार आले? मुलांनी दिवस मोजले, ७ ने भागलं आणि ८० हे उत्तर काढलं. १९८८ हे लीप वर्ष आहे हे विसरलेल्या गटाचं उत्तर चुकलं, आणि लीप वर्ष कायमचं लक्षात राहिलं!

ठेका आणि वाचन : केहरवा ८ मात्रांचा, दादरा ६ मात्रांचा. बाकावर बोटांनी आठ मोजायचे आणि त्या तालावर पाढे, कविता, मग उतारा वाचायचा. अडखळत वाचणारी मुलं तालाबरोबर पुढे सरकतात, असा माझा अनुभव आहे. सोन्या ठेका धरणाऱ्या गटाचा प्रमुख होता.

विज्ञान : पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याची पिपाणी आपण सगळ्यांनी लहानपणी केली आहे. लांब देठ आणि आखूड देठ वाजवून बघा. लांब नळीचा आवाज जाड, आखूड नळीचा बारीक. क्लॅरोनेटची भोकं बोटांनी झाकली की आतल्या हवेची नळी लांब होते आणि सूर खाली येतो. ट्रंपेटची तीन बटणंही हेच काम करतात, दाबली की हवेचा रस्ता लांबतो. (देठाचा चीक तोंडाला लागू देऊ नका, आधी नीट धुऊन घ्या.)

इतिहास व भूगोल : ट्रंपेट, क्लॅरोनेट ही वाद्यं इंग्रजांच्या पलटणीच्या बँडमधून आपल्याकडे रुळली. आपल्या वाजंत्र्यांनी त्यांच्यावर सनईच्या चाली बसवल्या. बँजो पार्टीतला बटणांचा 'बँजो' म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या 'ताईशोगोतो' या वाद्यात आहे. आपल्या वरातीत जपान आणि इंग्लंड दोन्ही नाचत होते, असं मी म्हटलं तेव्हा मुलं खूप हसली.

परिसर व नागरिकशास्त्र : ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. शाळा, दवाखाना यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुलांनी दोरीने शाळेपासून १०० मीटर मोजले आणि शांतता क्षेत्र कुठवर येऊ शकतं ते प्रत्यक्ष पाहिलं.

मूल्यमापन आणि निरीक्षणं

लेखी चाचणी घेतली नाही. प्रत्येक मुलाने 'धून आणि माणूस' असं एक पान करायचं होतं. एका बाजूला आवडती धून, दुसऱ्या बाजूला ती बनवणाऱ्या किंवा वाजवणाऱ्या माणसाची माहिती. बहुतेकांनी अशोक पत्की, रवींद्र जैन, विशाल भारद्वाज यांच्यावर लिहिलं. सोन्याने सहा वाक्यं लिहिली. वर्षभरात त्याने स्वतःहून लिहिलेलं ते पहिलं लेखन. त्यात जोडाक्षरं चुकली होती. मी लाल पेन हातात घेतला आणि परत ठेवून दिला. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या आबांला दोनदा ऐकलं की येतं.'

नोव्हेंबरमध्ये ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या. मुकादमाची उचल घेतलेली, आई-वडिलांना जाणं भाग होतं. लहान बहिणीला सांभाळायला सोन्यालाही न्यायचं ठरत होतं. मी हंगामी वसतिगृहाबद्दल सांगून आले. पण त्याआधीच आबांनी मुलाला सांगितलं होतं, "पोरगं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. त्याला म्या सांभाळतो, शाळा मॅडम सांभाळतील." बहीण आईबरोबर गेली, सोन्या राहिला. हे माझ्या उपक्रमामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आबांचं मन आधीपासून तसं असेल. बहिणीचं काय, हा प्रश्नही माझ्यापुढे उभाच आहे, ती पुढच्या वर्षी पहिलीत येईल. पण त्या हिवाळ्यात सोन्या शाळेत होता, आणि मार्चपर्यंत तो छोटे उतारे वाचू लागला.

माहिती तक्त्यातला तो रकाना त्याने स्वतः दुरुस्त करून घेतला. 'शेतमजुरी' खोडायला लावलं नाही, पुढे स्वल्पविराम देऊन 'बँड मास्तर' लिहायला लावलं.

उपक्रम घेताना लक्षात ठेवा

१. आपल्या आठवणी मुलांवर लादू नका. आधी त्यांच्या धून ऐका, मग आपल्या ऐकवा.
२. प्रत्येकाच्या घरी टीव्ही होता असं गृहीत धरू नका. 'खिडकीबाहेरून पाहिलं' हेही उत्तर आहे, आणि ते सांगताना मुलाला कमीपणा वाटू नये.
३. वाजवणाऱ्या, गाणाऱ्या पालकांना कार्यक्रमापुरतं बोलावून वाजवून घेऊ नका. त्यांना पाहुणे म्हणून बोलवा. खुर्ची द्या, प्रश्न विचारा, सोबत जेवा.
४. अवघड प्रश्न आला तर टाळू नका. मुलं बघत असतात.

पालकांनाही एक विनंती. आज रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवून तुमच्या लहानपणीची एक धून मुलांना गुणगुणून दाखवा आणि त्यांची एक शिकून घ्या. सूर चुकला तरी चालेल, मुलं हसतील, तेवढंच हवं आहे.

तुमच्या गावात असे कोणी बँड मास्तर, सनईवाले, हलगीवाले असतील तर त्यांना शाळेत जरूर बोलवा. अनुभव कळवा, मला वाचायला आवडेल.